एक तपकिरी, बारा भानगडी

ऑगस्ट २०१८मध्ये अमेरिकेत एका डबीचा दुखवटा पाळला गेला. ‘अर्बन डिके’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ‘नेकेड’ हे आपलं आयशॅडो पॅलेट बंद करत असल्याचं जाहीर केलं. एरवी अशा वेळी चार ओळींचं पत्रक निघतं. इथे अंत्यविधीचा व्हिडिओ निघाला आणि त्यात टीव्ही तारका निकोल रिचीने शोक केला. निधनसमयी पॅलेट आठ वर्षांचं होतं. त्याच्या पश्चात नेकेड टू, नेकेड थ्री, नेकेड स्मोकी, नेकेड हीट असा परिवार होता. दुखवटा मात्र फार लांबला नाही. २०१९ उजाडताच ‘नेकेड रीलोडेड’ नावाचं नवं बाळ घरात आलं.

ज्या डबीसाठी एवढा आकांत झाला, तिच्यात बारा खण होते. त्यात मोरपंखी नव्हता, पोपटी नव्हता, राणी तर नव्हताच. होते ते बिस्किटाचे, मातीचे, तांब्याचे, कॉफीचे आणि धुराचे रंग. बाजारात यांना ‘न्यूट्रल’ किंवा ‘न्यूड’ म्हणतात. कुठल्याही कपड्यावर चालतील, कुठल्याही प्रसंगाला खपतील आणि कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत, असे हे सोज्वळ रंग. आजच्या घडीला एखाद्या मुलीच्या ड्रॉवरमध्ये अशी तीन-चार पॅलेट सहज सापडतात. ती उघडून आई विचारते, “अगं, पण यात वेगळं काय आहे?” प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबलचक आहे.

पहिली गंमत म्हणजे ‘अर्बन डिके’चा जन्मच साधेपणाच्या विरोधात झाला होता. १९९६ साली ही कंपनी निघाली तेव्हा मेकअपच्या काउंटरवर गुलाबी, लाल आणि बदामी यांचं राज्य होतं. सॅंडी लर्नर या संस्थापकांपैकी एक. संगणकांची जाळी विणणाऱ्या ‘सिस्को’ कंपनीच्याही त्या सहसंस्थापक. गुलाबी रंगाने तुम्हाला मळमळतं का, असा सवाल करत या मंडळींनी लिपस्टिक आणि नेलपॉलिश काढली, आणि त्यांना नावं दिली झुरळ, धुरकं, गंज, तेलाचा तवंग, आम्लवर्षा. असा बंडाचा झेंडा घेऊन निघालेली कंपनी पुढे श्रीमंत झाली ती २०१०मध्ये काढलेल्या बदामी-तपकिरी डबीवर. बंडखोरांची उत्तरायुष्यात अशीच सोय लागते.

तपकिरीची हवा तशी त्याच्या बरीच आधी सुटली होती. ऐंशीच्या दशकात पापणीवर निळा, गालावर गडद गुलाबी आणि ओठावर चकचकीत लाल असा एकंदर मामला असे. सत्तरच्या दशकातल्या आपल्या हिंदी सिनेमातल्या निळ्या-हिरव्या पापण्या अजून कुणी विसरलेलं नाही. मग १९९१मध्ये न्यू यॉर्कच्या ‘बर्गडॉर्फ गुडमन’ या बड्या दुकानात बॉबी ब्राउन या मेकअप आर्टिस्टने तपकिरी अंगाच्या दहा लिपस्टिक विकायला ठेवल्या. महिन्याभरात शंभर जातील असा अंदाज होता. त्या पहिल्याच दिवशी संपल्या. ओठ ओठांच्याच रंगाचे दिसावेत यासाठी पैसे मोजायला बायका तयार आहेत, हे त्या दिवशी व्यापाऱ्यांना कळलं. पापणी पापणीच्याच रंगाची दिसावी, इथवर यायला फार काळ लागणार नव्हता.

आता आईच्या प्रश्नाकडे. पॅलेटच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात घटक छापलेले असतात. ते कधी नीट वाचले, तर बहुतेक सगळ्या न्यूट्रल पॅलेटांचं गुपित फुटतं. रंग देणारे गडी फक्त तीन: पिवळा, तांबडा आणि काळा आयर्न ऑक्साइड. रंगसूचीत त्यांचे क्रमांक ७७४९२, ७७४९१ आणि ७७४९९. उजळपणा हवा असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड, चमक हवी असेल तर अभ्रक, आणि हे सगळं धरून ठेवायला टाल्क, थोडं सिलिकॉन, थोडं बंधक. पिवळा जरा जास्त झाला की ‘कॅरॅमल’, तांबडा जास्त झाला की ‘टेराकोटा’, काळा जास्त झाला की ‘एस्प्रेसो’. गोड्या मसाल्याचंच बघा ना: धणे, तीळ, खोबरं, दगडफूल सगळ्या घरांत तेच, प्रमाणात चिमूटभर फरक, आणि खरा मसाला आपलाच याबद्दल प्रत्येक घराची बालंबाल खात्री.

सौंदर्यप्रसाधनांतलं आयर्न ऑक्साइड कारखान्यात शुद्ध करून बनवतात. पण मूळ कुळी गेरूचीच. तुळशीवृंदावन ज्याने रंगवतात तो गेरू आणि डबीतला ‘रेड ऑकर’ हे सख्खे नातेवाईक. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे दोन मोठे शिंपले सापडले. त्यांत गेरू कुटून कालवलेल्या लेपाचे अवशेष होते. त्या माणसांनी तो लेप अंगाला लावला, भिंतीला फासला की कातड्याला चोळला, हे ठामपणे सांगता येत नाही. मात्र जगातलं पहिलं पॅलेट उष्ण छटेचं न्यूट्रल होतं, असं म्हणायला एखाद्या विक्रेतीला पुरेसा आधार आहे.

नंतर आले इजिप्तवाले. त्यांची आवड वेगळी. पापण्यांवर मॅलाकाइट दगडाचा हिरवा आणि शिशाच्या खनिजाचा काळा. हे रंग दगडी पाटीवर वाटले जात. कैरोच्या संग्रहालयातलं पाच हजार वर्षांपूर्वीचं ‘नार्मेर पॅलेट’ ही अशाच पाटीची राजेशाही आवृत्ती आहे. उंची साधारण ६४ सेंटिमीटर, वजन पर्समध्ये न मावणारं, दोन्ही अंगांना राजाच्या पराक्रमाची कोरीव चित्रं, आणि लांब मानांच्या दोन अजब प्राण्यांच्या वेटोळ्यात रंग वाटायला एक गोल खळगा. एकच. राजाला एका खणात भागवावं लागलं. आजच्या मुलीला सोळा लागतात.

माती एकच असेल तर विकायचं कसं? इथे नावं कामाला येतात. ‘अनास्तासिया बेव्हरली हिल्स’ने २०१६मध्ये ‘मॉडर्न रेनेसान्स’ काढलं आणि चौदा खणांत कलेचा इतिहास कोंबला. टेम्परा, बुओन फ्रेस्को, रॉ सिएना, सायप्रस अंबर, व्हेनिशियन रेड. यातली निम्मी नावं खरोखरच जुन्या चित्रकारांच्या मातीच्या रंगांची आहेत, तेव्हा तक्रारीला जागा नाही. एक छटा ‘वर्मीर’ नावाची आहे. वर्मीर हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. त्याच्या जन्मापर्यंत इटलीतला रेनेसान्स आटोपून पिढ्या उलटल्या होत्या. पण त्याने मोत्याचं डूल घातलेली मुलगी रंगवली आणि ही छटा मोतिया आहे, त्यामुळे बिचाऱ्याला डबीत आरक्षण मिळालं. सर्वांत धाडसी नाव ‘रिअलगार’. खरं रिअलगार म्हणजे आर्सेनिकचं खनिज. आयुर्वेदात त्यालाच मनःशिला म्हणतात. डबीतली छटा नुसती विटकरी आहे, विषारी नाही. पण “डोळ्यांना काय लावलंयस?” या प्रश्नाला “मनःशिला” असं उत्तर देणाऱ्या मुलीकडे आजी वेगळ्याच आदराने पाहील.

‘टू फेस्ड’च्या ‘चॉकलेट बार’ची तऱ्हा निराळी. वितळत्या चॉकलेटच्या वडीसारखा पत्र्याचा डबा, आत सोळा खण, आणि सॉल्टेड कॅरॅमल, हेझलनट, क्रेम ब्रूले, ब्लॅक फॉरेस्ट ट्रफल अशी बेकरीच्या काचेमागची नावं. मिश्रणात खरी कोको पावडर असल्यामुळे झाकण उघडलं की वासही चॉकलेटचाच येतो. मुंग्यांनी दखल घेतल्याचं ऐकिवात नाही. पण घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर डबा फळीच्या वरच्या टोकाला ठेवलेला बरा.

‘द बाम’च्या ‘न्यूड ट्यूड’मध्ये स्वभावदोषांचं प्रदर्शन आहे. सगळी नावं ‘एस’ या अक्षराची: स्टबर्न, स्नॉबी, सेल्फिश, सीरियस. डाव्या पापणीवर हट्टीपणा, उजव्या पापणीवर आपमतलबीपणा लावून बाई ऑफिसला जाते आणि वार्षिक मूल्यमापनात तिला ‘मनमिळाऊ’ असा शेरा मिळतो.

या गोंधळात एकच पॅलेट सरळमार्गी निघालं. २०१२चं ‘लोरॅक प्रो’. वरच्या ओळीत आठ मॅट, खालच्या ओळीत आठ चमकते, आणि नावं व्हाइट, क्रीम, गोल्ड, एस्प्रेसो, ब्लॅक. पांढऱ्याला पांढरा आणि काळ्याला काळा म्हणण्याचा हा बाणेदारपणा पाहून ग्राहक गांगरले असतील. त्यांनी ते पॅलेट उचलून धरलं हे विशेष.

नावांचं आवरण काढलं की उरतो तो पोत, आणि इथे मात्र आईला मान्य करावंच लागेल की फरक आहे. दुकानात दाखवणारी मुलगी बोट खणावर फिरवते आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक पट्टा ओढते. याला स्वॉच म्हणतात. चांगल्या मॅटचा पट्टा सायीसारखा सरकतो आणि कडेपर्यंत एकसारखा उमटतो. हलक्या मॅटचा पट्टा फळ्यावर खडू ओढल्यासारखा तुटक येतो. रंगद्रव्य तेच, पण दळण किती बारीक, सिलिकॉनचं पुट कसं चढवलंय आणि वडी किती दाबून बसवलीय, यावर सगळा खेळ. जास्त दाबली तर ब्रश घासत बसावं लागतं आणि रंग निघत नाही. कमी दाबली तर ब्रशचं टोक टेकताच भुकटीचा लोट उठतो आणि अर्धा माल गालावर. याला जाणकार ‘फॉलआउट’ म्हणतात. मूळ ‘नेकेड’मधली ‘साइडकार’ ही छटा या बाबतीत बदनाम होती. लावली पापणीवर तरी चमचम करायची गालांवर. ‘लोरॅक प्रो’ इतकं मऊ होतं की दोन-चार वापरांत प्रत्येक खणाच्या काठावर धुळीची किनार. २०१७मध्ये ‘अनास्तासिया’चं ‘सबकल्चर’ आलं तेव्हा तर या भुकटीवरून एवढा वाद पेटला की ब्रश कसा अलगद टेकवावा याची शिकवणी सुरू झाली. म्हणूनच मेकअप करणाऱ्या बायका आधी डोळे उरकतात आणि मग फाउंडेशनला हात घालतात. पडझड आधी, झाडलोट नंतर.

दुसरा फरक मॅट आणि चमक यांच्या हिशेबाचा. ‘नेकेड’चा लौकिक साधेपणाचा, पण त्याच्या बारा छटांपैकी निखळ मॅट शोधायला गेलं तर हातात येतात ‘नेकेड’ आणि ‘बक’, जेमतेम दोन. बाकी सगळा लखलखाट. रोज ऑफिसला लावायला मॅट हवेत, अशी ओरड झाली तेव्हा कंपनीने सहा छटांची ‘नेकेड बेसिक्स’ ही छोटी डबी काढली. म्हणजे साध्या रंगांच्या पॅलेटमध्ये साधे रंग कमी पडले म्हणून साध्या रंगांचं वेगळं पॅलेट घ्यायचं. विक्रीकलेत याला तोड नाही.

तिसरा फरक तब्येतीचा: उष्ण की थंड. मूळ ‘नेकेड’ तांबूस-सोनेरी, म्हणजे उष्ण. ‘नेकेड टू’ करड्याकडे झुकलेलं, म्हणजे थंड. ‘थ्री’ गुलाबी. २०१७चं ‘हीट’ तर मिरचीच्या कुळातलं. त्यातल्या एका छटेचं नावच लाल तिखटावरून ‘कायेन’. २०१६ ते २०१८ या काळात न्यूट्रलची व्याख्याच सरकत सरकत विटेपर्यंत गेली. ‘मॉडर्न रेनेसान्स’ने किरमिजी आणि भाजका नारिंगीसुद्धा न्यूट्रलच्या पंगतीला बसवला. त्यात ‘लव्ह लेटर’ नावाची लालगुलाबी छटा आहे. ती लावून साखरपुड्याला गेलेल्या मुलीला मामी बाजूला घेऊन विचारते, “डोळे आलेत का गं? गुलाबपाण्याच्या घड्या ठेव.” याउलट ‘नेकेड टू’चा थंड करडा लावून गेलं की, “जागरण झालंय का? नोकरी फार त्रासाची दिसते.” दोन्ही प्रसंगी मुलीने पाऊण तास खर्च केलेला असतो.

या पाऊण तासाचा तपशील नवऱ्यांनी एकदा तरी पाहावा. आधी पापणीला प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा लेप. त्यावर त्वचेच्याच रंगाची भुकटी, प्राइमर कोरडा करायला. मग पापणी जिथे दुमडते त्या घडीत त्वचेपेक्षा जेमतेम एक पायरी गडद मॅट तपकिरी, झुबकेदार ब्रशने, मोटारीच्या वायपरसारखा इकडून तिकडे. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात आणखी एक पायरी गडद. मध्यभागी बोटाने चमकती छटा. खालच्या पापणीच्या मुळाशी पहिला तपकिरी पुन्हा, पण वेगळ्या ब्रशने. भुवईच्या हाडाखाली फिकट. मग स्वच्छ ब्रश घेऊन आतापर्यंत जे जे केलं, त्याच्या सगळ्या कडा पुसायच्या. हे झाल्यावर आरशात जे दिसतं, ते म्हणजे काहीही न केलेला डोळा. बाहेर आल्यावर नवरा म्हणतो, “अजून तयार नाही झालीस?” न्यूट्रल मेकअप उत्तम जमल्याची याहून मोठी पावती नाही.

पैशांचा हिशेब मांडावा तर तोही मनोरंजक. बाजारात आलं तेव्हा ‘नेकेड’ची किंमत ४४ डॉलर होती, आणि प्रत्येक खणात साधारण १.३ ग्रॅम माल. ‘मॉडर्न रेनेसान्स’ ४२ डॉलर, खण दोन जास्त, पण प्रत्येकात ०.७ ग्रॅम. म्हणजे पहिल्यात ग्रॅमला तीन डॉलरच्या आत, दुसऱ्यात चारच्या वर. गेरूला हा भाव! त्यात पुन्हा रंगांची पुनरावृत्ती आहेच. ‘नेकेड’मधला ‘हाफ बेक्ड’ हा सोनेरी रंग ‘नेकेड टू’मध्येही हजर. ‘मॉडर्न रेनेसान्स’मधले टेम्परा, बर्न्ट ऑरेंज आणि सायप्रस अंबर हे तिघे २०१८च्या ‘सॉफ्ट ग्लॅम’मध्ये पुन्हा भेटतात. दोन्ही घेणाऱ्या मुलीने अठ्ठावीस छटांचे पैसे भरलेले असतात आणि घरी येतात पंचवीस. हा हिशेब आईने केला तर ड्रॉवरला कुलूप लागेल.

स्वस्तात मस्त शोधणाऱ्यांसाठीही बाजार उभा आहे. ब्रिटनमधल्या ‘मेकअप रेव्होल्यूशन’ने २०१४च्या सुमारास ‘आयकॉनिक’ एक, दोन, तीन अशी पॅलेट चार पौंडांना काढली. ‘नेकेड’च्या तिन्ही भावंडांशी त्यांचं साम्य इतकं ठळक, की कुठलं कुणाचं हे सांगायची गरज पडली नाही, आकडेसुद्धा जुळत होते. ‘मेबलीन’ने ‘द न्यूड्स’ आणलं, ‘निक्स’ने ‘वॉर्म न्यूट्रल्स’. मग महागड्या आणि परवडणाऱ्या ब्रँडांमध्ये कोण सरस यावर मैत्रिणींचे तास न् तास वाद. या वादात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. ‘मेबलीन’ १९९६मध्ये, ‘अर्बन डिके’ २०१२मध्ये आणि ‘निक्स’ २०१४मध्ये, अशी तिन्ही घराणी ‘लोरेआल’ या एकाच फ्रेंच कंपनीने विकत घेतली आहेत. भांडण कुठल्याही बाजूने जिंका, पैसे पॅरिसलाच जातात.

आणि ज्यांना चार पौंडही जास्त वाटतात, त्यांच्यासाठी पदपथ आहे. ‘नेकेड’च्या मूळ कंपनीने आकड्यांची गणती तीनवर थांबवली आणि पुढे ‘स्मोकी’, ‘हीट’ अशी नावं धरली. नक्कल करणाऱ्यांना तेवढा वेळ नव्हता. ते थेट ‘नेकेड फोर’, ‘फाइव्ह’, ‘सिक्स’ करत पुढे गेले. मूळ कंपनीपेक्षा नकली कंपनीचं संशोधन पुढे असल्याचं असं उदाहरण विरळाच. यातला विनोद एप्रिल २०१८मध्ये जरा कडवट झाला. लॉस एंजलिसच्या पोलिसांनी कापडबाजाराच्या भागात २१ ठिकाणी छापे घालून सुमारे सात लाख डॉलरचा नकली मेकअप पकडला, आणि तपासणीत त्यात जिवाणू तर होतेच, वर जनावरांची विष्ठाही निघाली. मातीचे रंग म्हणताना एवढी अस्सल माती कुणाला अपेक्षित नव्हती.

अस्सल मालाचीही एक बाजू गंभीर आहे. पापणीवरची चमक अभ्रकाची, आणि नैसर्गिक अभ्रकाचा मोठा पुरवठा झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून होतो. तिथल्या सोडून दिलेल्या, ढासळत्या खाणींतून लहान मुलंही अभ्रक वेचतात, हे उघडकीस आल्यावर मोठ्या कंपन्यांना जाग आली. २०१७मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन झाली आणि काही ब्रँड प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम अभ्रकाकडे वळले. घटकांच्या यादीत ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ असा जीभ वळणार नाही असा शब्द दिसला, तर तो घाबरवणारा नव्हे, जरा बरा वाटणारा आहे.

सगळ्यांत मोठी गोम आहे ती न्यूट्रल नेमकं कुणासाठी, याची. रंग निरुपद्रवी ठरतो तो मागच्या त्वचेच्या तुलनेत. सुरुवातीच्या पॅलेटांच्या मनात जी त्वचा होती, ती गोरी अमेरिकी. गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर त्यातले फिकट रंग पिठासारखे बसतात, आणि मधला बदामी रंग तर लावला की नाही हे लावणारीलाही कळत नाही. भारतीय पापण्या कित्येकदा चेहऱ्यापेक्षा एक छटा गडद असतात, त्यामुळे डबीवर ‘घडीत लावायचा रंग’ म्हणून सांगितलेला तपकिरी इथे पायाचा रंग होऊन बसतो. बारातले चार खण असे नावापुरतेच. नायजेरियात जन्मलेल्या चिची एबुरू यांनी २०१६मध्ये ‘जुव्हियाज प्लेस’ सुरू केलं ते याच अडचणीतून. त्यांच्या ‘न्यूबियन’मधले तपकिरी आणि तांबूस रंग गडद त्वचेवर धुऊन गेल्यासारखे दिसत नाहीत. दुबईच्या हुदा कत्तान यांनी २०१८मध्ये अठरा छटांचं ‘द न्यू न्यूड’ आणलं, आणि ‘नायका’ या ऑनलाइन दुकानातून त्यांचा ‘हुदा ब्यूटी’ ब्रँड भारतात मुबलक विकला गेला. मुंबई-पुण्याच्या मुलींना या मंडळींचे रंग लवकर मानवतात यात नवल नाही.

तपकिरीचा एक फायदा मात्र निर्विवाद. अमेरिकेत डोळ्यांभोवती कुठली रंगद्रव्यं चालतील याची सरकारी यादी आहे. काही लाल आणि भडक निऑन रंग त्या यादीत बसत नाहीत. मग कंपन्या ते ‘प्रेस्ड पिग्मेंट’ या नावाने विकतात आणि डबीमागे बारीक अक्षरांत लिहितात, डोळ्यांजवळ वापरू नये. आयशॅडोच्या आकाराची डबी, आयशॅडोचे खण, सोबत आयशॅडोचा ब्रश, आणि सूचना ही! आयर्न ऑक्साइडला या कसरतीची गरज नाही. त्याची कागदपत्रं पहिल्यापासून चोख.

आता राहिला वापर. प्रत्येक डबीमागे उघड्या बरणीचं एक चिमुकलं चित्र असतं आणि त्यात ‘१२ एम’ किंवा ‘२४ एम’ असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून इतक्या महिन्यांत संपवा, असा त्याचा अर्थ. असं पॅलेट वेळेत संपवलेली व्यक्ती भेटणं कठीण. एवढं कठीण की रंग संपवून खणाच्या तळाचा पत्रा दिसू लागणं हा जगभरच्या हौशी मंडळींचा स्वतंत्र उपक्रम झाला आहे. त्याला ‘प्रोजेक्ट पॅन’ म्हणतात. पत्रा चमकला की त्याचे फोटो काढून अभिनंदनं स्वीकारतात. पहिला पत्रा दिसतो तो फिकट बदामी खणाचा, कारण तो सगळ्या कामांना लागतो. शेवटचा काळा खण दुकानातून आला तसा शिल्लक राहतो, त्यावरचा छापही पुसला जात नाही. तरी काळ्याशिवायचं पॅलेट दाखवा, की ग्राहक म्हणणार, “अपुरं वाटतंय.”

एवढं सगळं जाणून घेतल्यावर एखाद्या पहिल्याच पगारवालीने काय घ्यावं? ऑफिससाठी मॅट जास्त असलेली सहा खणांची डबी भरपूर झाली. लग्नसराईत शालूच्या शेजारी उभं राहायचं असेल तर ‘सॉफ्ट ग्लॅम’सारखं, ज्यात मॅटही आहेत आणि सोनेरीही. सावळ्या रंगाला फिकटांपेक्षा तांबूस आणि गडद खण किती आहेत ते आधी मोजावं. एक पॅलेट घरात असताना दुसरं घेण्यापूर्वी दोन्हींची नावं शेजारी ठेवून वाचावीत, आणि स्वॉच दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता दाराबाहेर उन्हात पाहावा.

ठाण्याच्या एका मावशींनी हे सगळं पाठ करून न्यू जर्सीच्या भाच्याला यादी धाडली. सुट्टीवर येण्याच्या आदल्या दिवशी तो दुकानात उभा राहून व्हिडिओ कॉल लावतो तेव्हा ठाण्यात मध्यरात्र उलटलेली असते. कॅमेरा एका कपाटावरून हळूहळू फिरतो: तपकिरी, तपकिरी, जरा गुलाबी तपकिरी, चॉकलेटच्या डब्यातला तपकिरी.

“मावशी, अगं इथे भिंतभर एकच रंग आहे. तू लिहिलेलं सापडत नाहीये. उष्ण की थंड विचारतेय ही बाई. मॅट की शिमर विचारतेय. काय सांगू?”

मावशी उशाचा चष्मा चाचपडतात, पडद्याजवळ डोळे नेऊन क्षणभर बघतात आणि निर्णय देतात, “काही विचारत बसू नकोस तिला. ज्याला आरसा मोठा आहे ते घे.”